डावखुरा दरबार

नव्या धर्मशाळेचं छप्पर पहिल्याच वाऱ्यात उडालं. प्रधानांनी त्यात पैसे खाल्ले, असं गोदू कुंभारणीनं भर दरबारात सांगितलं.

"पुरावा दे, नाहीतर गाव सोड!" प्रधान गरजले.

गोदू राजाकडे वळली. "महाराज, कायदाच करा. सरकारी खर्चाच्या खोट्या कागदावर ज्याची सही निघेल, त्याचा हात तोडायचा. या कायद्यावर सगळ्या मानकऱ्यांनी आत्ताच सह्या कराव्यात. जुन्या कागदांवरचं अक्षर त्यांच्याशी ताडून पाहू."

राजानं मान डोलावली. प्रधानांनी बोरू उचलला, तो डाव्या हातात! मग खजिनदारानं, मग कोतवालानं, मग सगळ्यांनीच. अख्खा दरबार डावखुरा!

गोदू म्हणाली, "जुने कागद राहू द्या, महाराज. उजव्या हातानं सही करणारा कुणी उरलाय का, तेवढं बघा."