गाडी यायची आहे

“…पण मन भरत का न्हाई, बाबा? एवढंच सांगा.”

दौलत शिंत्रे मठाच्या पायरीवर बसून विचारत होता. समोर फणसाच्या सावलीत त्याची नवी कोरी गाडी उभी होती. नारळ, झेंडूचा हार, चाकांखाली ठेवायची लिंबं, सगळं पिशवीत तयार होतं.

सोमगीर बाबा तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कशानं भरत न्हाई?”

“गाडीनं.”

बाबांनी एक खडा काढून बाजूला ठेवला.

आजऱ्यात दौलतचा काजूचा कारखाना होता. माणूस कष्टाळू, हाताखालच्या बायकांशी कधी चढ्या आवाजात न बोलणारा. सुपारीचंही व्यसन नाही. पण गाडीचा विषय निघाला की गडी कामातून गेलाच. घेताना पोरासारखा हरखायचा आणि वर्ष सरायच्या आत दुसरीकडे बघायला लागायचा. गल्लीतल्या लोकांनी त्याच्या गाडीचा रंग लक्षात ठेवणं सोडून दिलं होतं. कुणी पाहुण्याने खूण विचारली तर सांगत, दारात सगळ्यात नवी दिसेल ती दौलतची.

कारण मात्र दर वेळी भक्कम असे. पहिली गाडी बुटकी होती, आईला गुडघ्यात वाकून बसवत नव्हतं. मग घेतली ती एवढी उंच, की आईला चढवायला दोघं लागायची. त्यानंतरची बेताची होती, पण मागच्या बाजूला गार हवा पोचत नव्हती. पुढची गार होती, तर तिच्या दारांचा आवाज दौलतला हलका वाटू लागला. प्रत्येक गाडी आईसाठी घेतलेली. हे तो मनापासून सांगे, आणि ते खोटं नव्हतं.

एवढंच, की आई त्यातल्या एकाही गाडीतून गावाच्या वेशीपुढे गेली नव्हती.

“सोनाक्का बऱ्या हाईत न्हवं?” बाबांनी विचारलं.

आई बरी आहे, दौलतने सांगितलं. फक्त मावशीकडे जायचं टुमणं लावलंय तिने. मावशी म्हणजे सोनाक्काची थोरली बहीण, गारगोटीकडच्या एका वाडीत राहणारी. ती आता काठीशिवाय उठत नव्हती आणि सोनाक्काच्या गुडघ्यांना एस्टीची पायरी झेपत नव्हती. दोघींची गाठ पडून कैक वर्षं झाली होती. फोनवर दोघींनाही धड ऐकू येत नसे, म्हणून दोघीही एकदमच बोलत आणि समाधानाने फोन ठेवत. पण अलीकडे फोन ठेवल्यावर आई बराच वेळ गप्प बसून असते, हे सांगताना दौलतचा आवाज उतरला.

“मग ने की.”

“गाडी लागते तिला.”

“एस्टीत लागायची?”

“न्हाई. नव्या गाडीचा वास सोसत न्हाई तिला. बसली की पोटात ढवळतं. वेशीपाशी उतरून परत चालत येते घरला.”

“वास जातो की.”

“जातो, बाबा. पण जायला चार-सहा महिने लागतात.”

“मग?”

“मग… तवर…”



तवर त्याचं मन गाडीवरून उडालेलं असायचं. हे त्याचं त्यालाच त्या पायरीवर पहिल्यांदा ऐकू आलं आणि आवडलं नाही.

बाबांनी त्याच्याकडून वाक्य पुरं करून घेतलं नाही. ते तांदूळ पाखडत राहिले.

“तेवढी पूजा करून द्या,” दौलत विषय बदलत म्हणाला. “मग निघतो.”

“कशाची पूजा?”

“गाडीची.”

“गाडी आली की करू.”

दौलतने वळून पाहिलं. गाडी फणसाखाली होती तशीच उभी होती, उन्हात चमकत.

“बाबा, ही काय उभी हाय.”

“अजून यायची हाय.”

बाबा उठले. त्यांनी पिशवीतला नारळ काढला, देवाशेजारच्या कोनाड्यात ठेवला आणि धोतराला हात पुसले. आजवर प्रत्येक गाडीला त्यांनी काही न बोलता नारळ फोडला होता, अंगारा लावला होता. पूजा न झालेली गाडी घाटात घालायची दौलतची छाती नव्हती. बाबांना काही दिसलं की काय, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

तो विचारणार तोवर बाबा गोठ्यात गेले होते.

परत आले ते खांद्यावर वासरू घेऊन. मठातल्या चंद्रीची ती कालवड होती. पायात काटा मोडून तिचा खूर सुजला होता, आणि गुरांचा दवाखाना आजऱ्यात होता.

“दार उघड.”

“कुठलं दार?”

बाबा गाडीपाशी जाऊन उभे राहिले.

टेम्पो बोलावतो, आत्ता फोन करतो, अर्ध्या तासात येईल, असं दौलत भराभर सांगू लागला. सीटांवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं. ते तो कुठल्याच गाडीचं काढत नसे. पहिल्या दिवसाचा तजेला प्लॅस्टिकखाली टिकून राहतो, अशी त्याची समजूत होती.

“एवढ्याशा जिवाला टेम्पो कशाला?” बाबा म्हणाले.

गुरूपुढे हट्ट करायची सवय नव्हती. दौलतने दार उघडलं.

बाबा कालवडीला मांडीवर घेऊन मागे बसले. मठाचा उतार संपेपर्यंत सगळं बरं होतं. मग वळणावर कालवड प्लॅस्टिकवरून घसरली, बावरली आणि उभं राहायच्या धडपडीत तिच्या खुरांनी प्लॅस्टिक टरकावलं. मागोमाग जे व्हायचं ते झालं. दौलतने आरशात पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे पाहिलं.

“बाबा…”

“बघतोय.”

“सीट…”

“सीटच हाय.”

दवाखान्यात काटा निघाला, पट्टी झाली. येताना कालवड गपगार झोपली. तिच्या तोंडाची लाळ सीटवर ओघळत होती आणि बाबा तिची मान खाजवत बसले होते. मठात पोचल्यावर त्यांनी राहिलेलं प्लॅस्टिक सगळ्या सीटांवरून ओरबाडून काढलं, गोवऱ्यांच्या ढिगावर नीट पांघरलं आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले.

“पावसाळ्यात कामाला येईल,” ते म्हणाले.

दौलत निघाला. त्याला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत होती. सगळ्या काचा खाली करून तो घरी आला. गाडी शेडमध्ये लावली आणि तिथूनच जुन्या गाड्या घेणाऱ्या कोल्हापूरच्या एजंटला फोन केला. हे काम दोघांच्या सरावाचं होतं. एजंटने खोलात न शिरता सांगितलं, सकाळी घेऊन या, सीट मी धुवून घेतो, एक नवीन आलीय तीही बघून घ्या. नवीन म्हटल्यावर दौलतला जरा बरं वाटलं.

सकाळी किल्ली घेऊन तो शेडकडे आला, तर गाडीचं मागचं दार उघडं होतं.

आत आई बसली होती. नेसूचं ठेवणीतलं लुगडं, मांडीवर कापडी पिशवी.

“कुणाचं वासरू रं?” तिने विचारलं.

“मठातलं. चंद्रीची कालवड.”

“बाबांनी घातली आत?”

“व्हय.”

आई खुदकन हसली. अशी हसलेली त्याने तिला बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

“तरीच. सकाळी दार उघडलं आणि म्हटलं, हितं गोठ्याचा वास कुठनं यायला लागला?”

दौलत शेडच्या पत्र्याकडे पाहत राहिला. ही शेड पूर्वी गोठा होता. पहिली गाडी आली तेव्हा गुरं विकून त्यानेच गोठा पाडला होता. त्यानंतर आई बरेच दिवस पहाटे उठून इथपर्यंत यायची आणि मागे फिरायची.

“चल,” आई म्हणाली. “थोरलीकडं.”

“आई, आज कोल्हापूरला काम हाय. गाडी धुवून आणतो, मग उद्या—”

“धुतलीस की मी बसायची न्हाई.”

“पूजा झाली न्हाई हिची.”

“बाबा हितं बसलेलं न्हवं?”

एवढं बोलून आईने दार आतून ओढून घेतलं.

दौलतने गाडी सुरू केली. पिशवीतली पूजेची लिंबं तशीच पडली होती. त्यातलं एक त्याने हुंगायला म्हणून आईच्या हातात दिलं. तिने ते आपल्या कापडी पिशवीत टाकलं. थोरलीला सरबताला होईल, म्हणाली.

तो आरशात आईच्या तोंडाकडे बघत सावकाश चालला होता. वेस आली. सवयीने त्याने वेग कमी केला, गाडी कडेला घेतली आणि उभी केली.

“का थांबलास?” आईने विचारलं.

दौलतने गाडी पुढे काढली.

घाटात त्याचे हात स्टिअरिंगवर घट्ट होते, पण मागे आई वाटेतल्या वाड्यांची नावं घेत होती. इथली खोंडं नावाजलेली, इथं आपल्या चुलत आजीचं माहेर. मळमळ नाही, की डोळे मिटून बसणं नाही. घाट उतरल्यावर दौलतच्या ध्यानात आलं की समोरून येणारी एकही गाडी आपण निरखून पाहिली नाही.

वाडीत पोचले तेव्हा मावशी काठी टेकत अंगणात आलेली होती. आई खाली उतरायला लागली तर मावशीने हाताने तिला आतच दाबलं आणि स्वतः शेजारी चढून बसली. गाडीत तिने एकदा मोठा श्वास घेतला.

“आपल्या माहेरच्या ढवळी गाईचा वास येतोय गं,” ती म्हणाली.

झालं. दोघी गाडीतून खाली उतरायचं नाव घेईनात. दारं उघडी टाकून, पाय सोडून, शेंगा आणि गूळ खात दोघी एकदमच बोलत होत्या. घरच्या सुनेने चहासुद्धा तिथंच आणून दिला. दौलत ओट्यावर बसून बघत होता. पहिल्यांदा शेंगेचं प्रत्येक टरफल खाली पडलं की त्याला टोचत होतं. मग कधीतरी ते टोचायचं थांबलं. तो उठला, गाडीपाशी गेला आणि त्याने मूठभर शेंगा स्वतःसाठी मागून घेतल्या. आपण फार सुखात आहोत, असं त्याला वाटलं, आणि बराच वेळ तसंच वाटत राहिलं.

दुपारी एजंटचा फोन आला. वाट बघतोय म्हणाला.

“वास येतोय अजून गाडीला,” दौलतने सांगितलं.

त्यात काय, धुतली की जाईल, एजंट म्हणाला.

“तेच तर,” दौलत म्हणाला. “ऱ्हाऊ दे.”

एजंटला काही उमगलं नाही. दौलतने फोन खिशात टाकला.

दिवस कलताना मायलेक परतीच्या वाटेवर मठावर आले. आई आपली आपण उतरली आणि आधी गोठ्यात गेली. लंगडणाऱ्या कालवडीच्या तोंडाजवळ तिने हात नेला, तशी ती तिची बोटं चाटायला लागली. चंद्रीने एकदा मान वळवून पाहिलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं.

सोमगीर बाबा फणसाखाली आले. त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं. मागच्या सीटवर वाळलेलं शेण होतं, गवताच्या काड्या होत्या, टरफलं होती. चहा सांडल्याचा डाग होता. कोपऱ्यात, सुनेचा हात धरून उतरलेल्या मावशीची विसरलेली काठी आडवी पडली होती.

“काठी उद्या पोचवायला पाहिजे,” दौलत म्हणाला. “आई म्हणते, मी बी येते.”

बाबांनी मान डोलावली.

“बाबा, काल मी विचारलं होतं… मन…”

पुढचं त्याला आठवेना. म्हणजे प्रश्न आठवत होता, पण विचारायचा कशाला, ते आठवेना.

बाबांनी देवाशेजारच्या कोनाड्याकडे हात केला.

“दौलत, नारळ घे. गाडी आली.”