पुढचा पंखा सापडत नाही

“…मग एवढं सगळं नवंकोरं बसवल्यावर ते मुकाट्यानं सुरू व्हायला नको का, महाराज?”

हृषीकेश गंधे तावातावानं विचारत होता. हातात पेचकस, कपाळावर घाम. पुण्यातली नोकरी सोडून हा इंजिनिअर महाराजांचा शिष्य व्हायला आमच्या गोदाकाठच्या मठात येऊन राहिला होता. कामाला वाघ. फक्त आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

मी मठाचा आचारी, धोंडीराम. शेजारीच चुक्याची भाजी निवडत बसलो होतो, म्हणून सगळं कानावर पडलं.

महाराज म्हणाले, “काय म्हणतंय ते?”

“म्हणतंय, पुढचा पंखा सापडत नाही. एंटर दाबा, नाहीतर मी बंद होतो. आणि खरंच बंद होतं!”

“पंखा लावला नाहीस?”

“तीन लावलेत, महाराज! हात लावून बघा, कसला वारा येतोय.”

महाराजांनी हात लावून बघितला. “येतोय की.”

“मग? खोटं बोलतंय ते!”

मठाचा हा कॉम्प्युटर कुणा भक्तानं दिलेला, कंपनीकडूनच जुळवून आलेला. त्याचं पत्र्याचं कॅबिनेट गंजलं होतं. काल संध्याकाळी हृषीकेशनं आतलं सगळं सोडवलं आणि काचेच्या नव्या कॅबिनेटमध्ये बसवलं. आत निळे दिवे. खरं सांगतो, फार देखणं झालं होतं.

पण कॉम्प्युटर खरा होता मठातच राहणाऱ्या गोदूआत्याचा. तिची दृष्टी जाऊन खूप वर्षं झाली. पहाटे उठून ती चाचपडत एक बटण दाबायची, आणि मशीन आपणहून पोथीचा अध्याय वाचायला लागायचं. आज तिनं बटण दाबलं. मशीन घुमलं, थोडं थांबलं, गप्प झालं. परत दाबलं, परत तेच. पडद्यावरची सूचना आंधळ्या म्हातारीला कोण वाचून दाखवणार? आपलंच काही चुकलं असं समजून ती चटईवर बसून राहिली.

“आत्या, थांबा हं जरा,” हृषीकेश म्हणाला. “आधी याचं तोंड बंद करतो.”

“तुझं चालू दे, बाळा,” आत्या म्हणाली. “मला कुठं गाडी पकडायचीय?”

महाराजांनी विचारलं, “जुना पंखा कुठाय?”

“समोरच्या बाजूचा तो? गोठ्यामागं, भंगारात. त्याला कंपनीनं एक तार जास्त दिलेली असते. ‘मी हजर आहे’ एवढंच ती सांगते. ती नसली की मशीन अडून बसतं.”

“मग तोच लाव.”

“अहो, ते डबडं! त्याची भोकंसुद्धा इथं जुळत नाहीत. त्यापेक्षा नवा मदरबोर्ड मागवतो, चार दिवसांत येईल.” मग चिडून म्हणाला, “बाकी सगळं धडधाकट आहे, महाराज. एका पंख्यासाठी सगळ्यांना अडवून धरायचं, हा काय शहाणपणा झाला?”



दुपारी पंगतीची घंटा झाली.

आमच्या पंगतीची एक रीत आहे. वाढून झालं की महाराज विचारतात, “कोण राहिलं?” ‘कुणी नाही’ असं उत्तर आल्याशिवाय कुणी घासाला हात लावत नाही. पाहुणा असो, गवंडी असो, रीत म्हणजे रीत.

मी भाकऱ्या वाढल्या. वरण वाढलं, भाजी वाढली.

“कोण राहिलं?”

“आत्या,” हृषीकेश म्हणाला. “त्यांना भूक नाही म्हणे.”

महाराजांनी हात मांडीवर ठेवले.

सगळ्यांनीच हात मांडीवर ठेवले…

वरणाची वाफ गेली. माझा जीव खालीवर. गरम भाकरीची माती व्हायला कितीसा वेळ लागतो! पण महाराजांचा चेहरा बघावा तर शांत. भूक त्यांनाही होतीच की. सकाळपासून त्या माणसाच्या पोटात नुसतं पाणी होतं.

शेवटी हृषीकेशलाच राहवेना. “महाराज, त्या नाही म्हणाल्यात ना? एवढी माणसं ताटावर बसलीत. एका आत्यासाठी सगळ्यांना…”

तो मध्येच थांबला.

मला मात्र थांबवेना. “अरे शहाण्या! भूक नाही कशी? अध्याय ऐकल्याशिवाय ती अन्नाला शिवत नाही, आणि ‘वाचून दाखव’ म्हणून कुणाच्या दारात जायची नाही. तिचा नेम आहे तो!”

पोराचा चेहरा खर्रकन उतरला.

“मला… मला कुणी सांगितलं नाही.”

“तू विचारलंस?” मी म्हणालो. महाराजांनी माझ्याकडे बघितलं, तसा मी गप्प झालो.

आजच्यापुरतं नुसतं एंटर दाबून भागलं असतं. त्याच्याही ते मनात आलं असणार. पण उद्या पहाटे त्या बटणापाशी आत्या एकटीच असणार होती. तो ताटावरून उठला आणि तडक गोठ्यामागं गेला. रणरणतं ऊन, पायात चप्पल नाही. भंगार उपसून पंखा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. नव्या कॅबिनेटला भोकं जुळेनात, तर माझ्याकडून सुतळी मागून घेतली आणि त्या देखण्या काचेच्या कोपऱ्यात ते मळकट डबडं आवळून बांधलं, त्याची ती जास्तीची तार जोडली. स्वतःच्या हातानं! त्या क्षणी मला त्याचं फार कौतुक वाटलं, उगाच कशाला लपवू?

मग तो बाजूला सरकला. “आत्या, तुम्हीच दाबा.”

आत्यानं बटण दाबलं.

पंखा कुरकुरला. मशीन थोडं घुमलं, आणि न अडखळता वाचायला लागलं.

आत्यानं हात जोडले. डोळ्यांतून घळाघळा पाणी. “माझ्याच हातून बिघडलं असं वाटलं होतं रे…” म्हणाली. हृषीकेश तिच्या पायाशी मान खाली घालून बसून राहिला. अख्खा अध्याय होईपर्यंत पंगत तशीच बसली होती. भाकरी पार वातड झाली. एरवी मी बोंब मारली असती.

मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून आत्या आली आणि पाटावर बसली.

“कोण राहिलं?” महाराजांनी पुन्हा विचारलं.

“कुणी नाही!” सगळ्यांत मोठा आवाज हृषीकेशचा.

महाराजांनी घास घेतला. पंगत सुरू झाली.

थोड्या वेळानं हृषीकेश हळूच त्यांच्याकडे झुकला. आवाजात सकाळचा ताव नव्हता.

“महाराज, एक विचारू?”

“विचार.”

“त्या जुन्या पंख्याचा वारा कशालाच लागत नाही. थंड ठेवायचं काम नवे तीनच करतात. तो आपला कोपऱ्यात नुसता ‘मी हजर आहे’ म्हणत फिरतो… मग त्याचं काम काय?”

महाराज भाकरी मोडता मोडता हसले.

“माझं तरी इथं दुसरं काय काम आहे रे?”