चिमाआक्कानं भरलेली ओटी

"चिमाआक्कानं म्हणे त्या शिपायाची आधी ओटी भरली, आणि मग त्याचा—" जनाबाई एवढं बोलली आणि पिठाची गिरणी सुरू झाली. पुढचं सगळं घरघरीत गेलं. माझं दळण झालं होतं, तरी मी हलले नाही. गिरणी थांबल्यावर तिच्याकडून आणि चार म्हाताऱ्यांकडून सगळं काढून घेतलं. ऐका.

आपल्या खिंडीत नुसती पायवाट होती, तेव्हाची गोष्ट. चिमाआक्का दरोडेखोरांची म्होरकी. तिनं शीळ घातली की घाटातली वानरंसुद्धा गप्प बसत, असं म्हणतात. लोक तिला भ्यायचे आणि तिच्याच गोष्टी सांगायचे. तिनं लुटलेला व्यापारी गावोगाव छाती काढून फिरायचा, न लुटलेल्याला बायको विचारायची, "तुम्हाला कुणी ओळखत नाही का हो?"

आक्काचा एक नेम होता. नवरी खिंडीतून सासरी निघाली की ती स्वतः तिची ओटी भरायची. ओटी भरली की ती आक्काची माहेरवाशीण, तिच्या केसालाही धक्का लावायचा नाही.

हे सुभेदाराला कळलं. त्यानं भिवबा शिपायाला शालू नेसवला, कमरेला कट्यार खोचली आणि डोलीत बसवलं. आक्का वाकली की वार करायचा.

आक्का आली. तिनं तांदळाची ओंजळ पुढे केली. आणि या नवरीनं पदर पसरायचा सोडून दोन्ही हात पुढे केले, प्रसाद घेतात तसे! हात तांदळानं भरले, कट्यार कमरेलाच राहिली. आक्कानं तोंडावरचा पदर उचलला, तर खाली मिशा.

गड्यांनी कोयते उपसले. "आक्का, बाजूला हो!"

"खबरदार! ओटी भरलीय मी."

"अगं, बाप्या आहे तो! उद्या फौज आणेल. सगळे फासावर जाऊ."

"जाऊ. पण भरलेली ओटी मोडायची नाही." मग भिवबाला म्हणाली, "जा गं बये सासरी. आणि पदर पसरायला शीक."

फौज आलीच. वाट दाखवायला भिवबा पुढे होता. त्यानं फौजेला तीन दिवस भलत्याच डोंगरात फिरवलं. तेवढ्यात आक्काचे गडी पांगले. आक्का मात्र कड्यात शिरली आणि कडा तिच्यामागे मिटला, असं म्हणतात.

जनाबाईचं म्हणणं, आक्कानं त्याचा गळा चिरला. ओटी खरी, गळा खोटा. भिवबाचे वंशज खालच्या वाडीत आजही नांदतात. मान गेल्यावर कुठला वंश वाढायला?

अजूनही गावातला पोरगा पोलिसात लागला, की सुवासिनी त्याला खिंडीत नेतात आणि आक्काच्या नावानं त्याची ओटी भरतात. वर्दीतला तो गडी भर उन्हात उपरणं पसरून उभा राहतो, तांदूळ-नारळ घेतो, कड्याला नमस्कार करतो आणि मगच नोकरीवर रुजू व्हायला खाली उतरतो.