हजारातली पहिली

"...याहून जास्त माफी मागायची तरी कशी, गुरुजी?"

प्राध्यापक मधुसूदन हिवरेकरांनी विचारलं खरं, पण आवाज चढल्याचं त्यांचं त्यांनाच जाणवलं.

गुरुजी मठाच्या ओसरीवर पत्रावळी लावत बसले होते. एकेकाळी शाळेत हिवरेकरांना इंग्रजी शिकवणारे हे मास्तर. आता अंगावर भगवी छाटी.

"काय लिहिलंस दादाला?"

"'अ थाउजंड अपॉलॉजीज.' हजार वेळा क्षमा. तिन्ही पत्रांत तेच."

"मग?"

"उत्तर नाही. त्यानं अंथरूण धरलंय. फार दिवस नाहीत म्हणतात. मी दारात गेलो आणि त्यानं तोंड फिरवलं तर... मला सोसायचं नाही, गुरुजी."

गुरुजींनी पळसाच्या पानात काडी टोचली.

"हजारच का रे?"

झालं! विषय हिवरेकरांच्या घरचाच निघाला. इंग्रजीतल्या संख्याशब्दांवर त्यांचा चारशे पानांचा ग्रंथ होता. आलेलं रडू विसरून स्वारी वर्गात उभी राहिल्यासारखी सुरू झाली.

"बोलण्यात डझन म्हणजे बाराच असतात असं नाही. 'मिलियन थँक्स' म्हणणारा काय दहा लाख वेळा आभार मानतो? नुसतं 'पुष्कळ' म्हणायचं असतं. आकडा मोठा, म्हणजे भावना मोठी."

"मोजले तर?"

"मोजायचे नसतातच ते."

गुरुजींनी पानं बाजूला सारली. हात झटकले. एक बोट वर केलं.

"मोज. पहिली माफी कशाची?"

हिवरेकर हसले. गुरुजी हसले नाहीत.

बोट तसंच वर.

हिवरेकरांना राग आला. मग लाज वाटली. चारशे पानं लिहिलेला माणूस, आणि अहो, त्याला साधं एक म्हणता येईना!

"आई गेली, त्या दिवशी..."

"मला नको सांगूस. दादाशी बोल."

"दादा..." त्यांनी त्या बोटाकडे पाहिलं. "दादा, आई गेली त्या दिवशी तुझा फोन आला, तेव्हा मी घरीच होतो. भाषण लिहीत होतो. बाहेरगावी गेलेत म्हणून सांग, असं मीच सुमतीला खुणेनं सांगितलं. तिच्या हातातल्या रिसीव्हरमधून तुझं रडणं मला ऐकू येत होतं, दादा... तरी मी उठलो नाही."

एवढं बोलून ते पोरासारखे रडले.

गुरुजी गुडघ्यांवर हात टेकून उठले, पायरीखाली गेले, शिष्याच्या चपला स्वतःच्या हातानं उचलल्या आणि त्याच्या पायांशी सरळ करून ठेवल्या.

"अहो गुरुजी, हे काय..."

"नीघ. दिवेलागणीपर्यंत पोचशील."

हिवरेकरांनी डोळे पुसले. चपला घातल्या.

"आणि... उरलेल्या नऊशे नव्याण्णव?"

गुरुजींनी पुन्हा पान हातात घेतलं.

"दुसरीपर्यंत दादा तुला बोलू देतो का... बघ."