दसऱ्यानंतरचे झाप

“…मग पंखा दिवसभर फिरतो, शेगडीत निखारे असतात, कडुलिंबाची धुरी असते, तरी पोराची छाती का वाजते, बुवा?”

बुवा मठीच्या पायरीवर बसून नखं कापत होते. त्यांनी वर बघितलंही नाही.

“कोणाचं पोर?”

“दादाचं. सात महिन्यांचं आहे.”

“डॉक्टर काय म्हणाला?”

“औषध दिलं. म्हणाला, घरात हवा खेळू दे. म्हणून तर पंखा आणला. मोठा, उभा.”

“मग माझ्याकडे काय काम काढलंस?”

“अंगारा द्या.”

“अंगाऱ्याने छाती वाजायची थांबली असती, तर डॉक्टर माझ्या पायरीवर बसला असता.”

मला राग आला. माझा दादा, सहदेव, आषाढात आठ दिवसांच्या तापाने गेला. तेव्हापासून मला राग यायला कारण लागत नाही.

“द्यायचा नसेल तर तसं सांगा! उद्या सकाळी वहिनीचा भाऊ रिक्षा घेऊन येतोय. ती पोराला घेऊन माहेरी चालली. म्हणते, या घरात पोर जगायचं नाही. ते गेलं की दादाचं काय राहिलं घरात?”

बुवांचा हात थांबला.

“चल.”

“कुठे?”

“तुझ्या पंख्याची हवा खायला.”

ते पुढे चालू लागले. दुपारचं ऊन डोक्यावर होतं, आणि हवा इतकी दमट की सदरा पाठीला चिकटला होता.

आमच्याकडे पाऊस सुरू होण्याआधी नारळाच्या झावळ्या विणून त्यांचे झाप करतात आणि पडवीला चहूबाजूंनी बांधतात. म्हणजे पावसाचा मारा आत येत नाही. दसरा झाला की सोडतात. वाडीतल्या सगळ्या घरांच्या पडव्या उघड्या झाल्या होत्या. आमचीच तेवढी झाकलेली होती.

बुवा अंगणात थांबले.

“दसरा होऊन किती दिवस झाले?”

“बारा.”

“मग?”

“ते दादाने बांधलेत.”

बुवांनी वहाणा काढल्या आणि वाकून आत शिरले.

आत वहिनी पोराला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. “या बुवा. जरा जपून. खांब आहे तिथे. आमच्या घरात दुपारीही चाचपडत चालावं लागतं.”

“झाप का नाही सोडलेस, मुली?”

“दोनदा हात घातला. भावोजी कोयता घेऊन उभे राहिले.”

“उगारला नव्हता,” मी म्हणालो. “हातात होता, एवढंच.”

“हो ना. नारळ सोलायला आले होते, माझ्या डोक्यावर.”

बुवा हसले. मी नाही हसलो.

दादाचा फोटो भिंतीवर होता. बुवांनी समोरच्या निरांजनाकडे बोट केलं. “लाव.”

मी काडी ओढली. पेटली नाही. दुसरी ओढली. तिचं डोकंच गळून पडलं. सगळी पेटी सादळली होती. शेवटी शेगडीतल्या निखाऱ्यावर कागद धरला, तेव्हा कुठे वात लागली.

उजेडात बुवा फोटोजवळ गेले. दादाच्या गालावर पांढरट ठिपके होते, कपाळावरही. त्यांनी उपरण्याच्या टोकाने काच पुसली. ठिपके गेले नाहीत. पुन्हा पुसली.

बुरशी काचेच्या आत होती.

मी रोज हात जोडत होतो त्या फोटोला. मला दिसलं नव्हतं.

पोर खोकलं. खोकल्यानंतर त्याच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज आला.

बुवा पंख्यासमोर जाऊन उभे राहिले. “लवू, हा हवा कुठून आणतो?”

“कुठून म्हणजे… घरातूनच.”

“आणि नेतो कुठे?”

“…घरातच.”

“हुशार आहे. तुझ्यासारखा.”

बुवा शेगडीकडे वळले.

“ती शेगडी आधी उचल. कोळशाचा धूर पोराच्या नाकात घालून त्याला सुकवतोस की काय? मासा आहे का तो?”

मी शेगडी अंगणात नेऊन ठेवली. परत आलो, तर बुवा पडवीच्या कडेला झापाजवळ उभे होते. त्यांची बोटं सुंभाच्या गाठीवर होती.

“सोडू नका!”

“कोण सोडतंय? विचारतोय. ही गाठ तुझी?”

“दादाची. सगळ्या त्याच्याच. मी बाहेरून झाप धरायचो, तो आतून बांधायचा.”

“कसली गाठ ही?”

“सरकती. टोक ओढलं की सुटते.”

“चार महिने वारा झोडपतो. पक्की का नाही मारली? येत नव्हती त्याला?”

“दादाला?” मी ओरडलो. पोर दचकलं. “अख्ख्या वाडीत त्याच्यासारखी गाठ कोणाला येत नाही! वादळात लोकांची कौलं उडाली, आमचा एक झाप हलला नाही!”

“मग सरकती कशाला?”

…

“मेल्या, आता का वाचा बसली?”

मला बोलायचं नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं.

“पहिल्या वर्षी मी पक्क्या मारल्या होत्या. दादाने टपली मारली. म्हणाला, दसऱ्याला दातांनी सोडणार आहेस का?”

वहिनी फिरायची थांबली.

बुवांनी सुंभाचं टोक माझ्या हातात दिलं, आणि जाऊन पोराजवळ बसले.

पंखा घरघरत होता. त्याच्या आवाजातूनही ती शिट्टी ऐकू येत होती.

सुंभ खरखरीत होता. टोकाला दादाने चिमटीत धरून दिलेला पीळ अजून तसाच होता. मी तो सरळ केला नाही.

ओढलं.

काही जोर लागलाच नाही.

झाप अंगणात पडला. धूळ उडाली, मागोमाग उन्हाचा पट्टा पडवीत आला आणि थेट जमिनीवरच्या काळ्या ओलीवर पडला. मी खाली बसलो आणि रडलो. दादाला नेलं त्या दिवशी मी रडलो नव्हतो, भांडलो होतो सगळ्यांशी.

कोणी मला गप्प केलं नाही.

मग उठलो. दुसरा सोडला. तिसरा. प्रत्येक गाठ एका ओढीत सुटली. अकरा झाप होते. शेवटचा वहिनीला सोडू दिला.

वारा पुढून आला आणि मागच्या दाराने गेला. दोरीवरचं दुपटं हललं. कुठेतरी भात कापायला लागले होते, त्याचा वास आला. वहिनीने पंख्याचं बटण बंद केलं.

पोराची छाती वाजायची लगेच थांबली नाही. पण ते उजेडाकडे डोळे बारीक करून बघत राहिलं, आणि दोन्ही मुठी उघडून हवेत काहीतरी धरायला गेलं.

“भावाला फोन करते,” वहिनी म्हणाली.

मी वळून बघितलं. “काय सांगणार?”

“आठ दिवसांनी ये म्हणून. तोवर बघू. पण भावोजी, भिंती घासायच्या आहेत. सगळ्या. आणि तो कोयता मला द्या.”

मी दिला.

बुवा वहाणा घालत होते. मी अंगणातले झाप गोळा करून छातीशी धरले. कुजके, ओले होते. अंगावर काळं पाणी ओघळलं.

“बुवा… यांचं काय करू? फेकवत नाहीत.”

बुवांनी एक झाप हातात घेतला. त्याची वीण बोटाने चाचपली, आणि परत माझ्याकडे दिला.

“चार दिवस उन्हात टाक. पाचव्या दिवशी अंगणातल्या चुलीत घाल, आणि त्यावर पोराच्या आंघोळीचं पाणी तापव.”