राउटरला जामीन

शेजारी आपलं नेट चोरतात, या संशयावरून निवृत्त फौजदार धैर्यशील इंगवल्यांनी चालू राउटर लोखंडी कपाटात कोंडून कुलूप ठोकलं. लगेच घरातला प्रत्येक ब्राउझर ‘संपर्क होत नाही’ म्हणू लागला. तासाभरात सून केतकीची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती. फौजदारांनी सगळे मोबाइल ओळीत मांडून ओळखपरेड घेतली.

“यातला गुन्हेगार कोण?”

“मामंजी, सगळ्यांची साक्ष एकच आहे. राउटर उत्तर देत नाही,” केतकी म्हणाली.

“मग राउटरच आरोपी!”

“त्याला तुम्हीच कोठडीत डांबलंत, भेटीगाठी बंद केल्यात. आता तो कुणाशी बोलत नाही, हाच त्याचा गुन्हा?”

फौजदार खाकरले. “जामीन मंजूर,” म्हणत त्यांनी कपाट उघडलं. मुलाखत वेळेवर सुरू झाली. फौजदारांनी राउटरला मात्र दरडावलं, “गाव सोडून जायचं नाही!”