बेल्ट का तुटतो?

गावच्या दूध डेअरीचे चेअरमन अप्पासाहेब यांच्या बिनगिअरच्या स्कूटरचा, इंजिनाला चाकाशी जोडणारा बेल्ट पुन्हा तुटला, तोही भर चौकात. अप्पासाहेब चौकातल्याच गॅरेजवाल्या मुश्ताकवर बरसले, "डुप्लिकेट माल घालतोस! उद्यापासून डेअरीचा एकही टेम्पो तुझ्याकडे येणार नाही!"

मुश्ताकचं तोंड उतरलं. मागच्या सीटवरून उतरलेल्या शकूताईंना मात्र राहवेना. रोज चौकात आलं की आपला नवरा ब्रेक दाबून धरतो आणि लोकांनी वळून नमस्कार करावा म्हणून जोरजोरात रेस करतो, हे त्या मागं बसून बघत आल्या होत्या.

"अहो, माल चांगलाय," त्या म्हणाल्या. "तुमचा एक हात गाडीला म्हणतो पळ, दुसरा म्हणतो थांब. मधल्या मधे बेल्ट जळतो. आज सकाळी मलाही 'लवकर आवर' म्हणालात, आणि भरभर आवरायला लागले तर 'एवढी घाई कसली?' तो बिचारा रबराचा, म्हणून तुटला. मी अजून टिकून आहे!"

अख्खा चौक हसला. मुश्ताकनं हसू दाबत नवा बेल्ट बसवला.

अप्पासाहेब गुरकावले, "चल, बस लवकर!"

शकूताई जागच्या हलल्या नाहीत. "लवकर, की सावकाश? आधी तेवढं ठरवा."